बिलावर नाव जुन्या मालकाचं, मग पैसे कुणी भरायचे?

‘काका, नमस्कार. लग्नानंतरची चौदा वर्षं लालबागच्या चाळीत काढली, पण पाण्याचं बिल मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते मालकाच्या भाड्यातच जायचं. यंदा अक्षयतृतीयेला आम्ही बदलापूर पूर्वेला एका जुन्या तीन मजली इमारतीत रीसेलचं घर घेतलं. इथे प्रत्येक बिऱ्हाडाचा नळ वेगळा. जिन्याखाली ओळीने मीटर आणि गच्चीवर ज्याची त्याची टाकी. परवा दाराच्या फटीत पाण्याचं बिल सापडलं. रक्कम ११,८४० रुपये आणि नाव जुन्या मालकाचं. आम्ही येण्याआधी हे घर दोन वर्षं बंद होतं. मी नगर परिषदेत गेले, तर तिथे म्हणाले, “पाणी आमच्याकडे नाही, प्राधिकरणात जा.” मिस्टर म्हणतात, बिल आपल्या नावावर होत नाही तोवर एक रुपया भरायचा नाही. शेजारच्या काकू म्हणतात, गपचूप भरून टाक, नाहीतर नळ कापतील. त्यात काल व्हॉट्सॲपवर मेसेज आला की आज रात्री साडेनऊला पाणी तोडणार, या नंबरवर ताबडतोब फोन करा. आम्हाला पाणी देतं तरी कोण? आणि हे पैसे भरायचे की नाही? बिलाचा फोटो सोबत जोडते.’

अ. ज., बदलापूर (पूर्व)

ताई, आधी त्या मेसेजचं बघू. त्या नंबरवर फोन करू नका. मेसेजसोबत एखादी फाइल आली असेल आणि ‘बिल अपडेट करायला ॲप डाउनलोड करा’ असं म्हटलं असेल, तर तिला हातही लावू नका. नळ तोडायचा असतो तेव्हा पाणीखातं कागदावर नोटीस देतं, त्यावर ग्राहक क्रमांक असतो, सही-शिक्का असतो. रात्री साडेनऊला कुणी पाना घेऊन तुमच्या जिन्याखाली येत नाही. दुपारी चारनंतर खात्यातला माणूस भेटला तरी नशीब म्हणायचं. विजेच्या नावाने हाच मेसेज गेली काही वर्षं फिरतो आहे, आता पाण्याच्या नावाने येतो. फोन केला असेल आणि पैसे गेले असतील, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. नसेल केला, तर नंबर ब्लॉक करा आणि पुढे वाचा.

आता पाणी देतं कोण. नगर परिषदेतल्या माणसाने तुम्हाला टोलवलं असं तुम्हाला वाटलं असेल, पण या वेळी तो खरं बोलला. बदलापूरला आणि शेजारच्या अंबरनाथला घरोघरी पाणी पुरवण्याचं आणि त्याची बिलं काढण्याचं काम नगर परिषदेचं नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं आहे. घरपट्टी, कचरा, गटार हे नगर परिषदेचं. नळ आणि त्याचं बिल प्राधिकरणाचं. हे राज्य सरकारचं महामंडळ. १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ म्हणून ते स्थापन झालं आणि १९९७ मध्ये त्याचं नाव जीवन प्राधिकरण झालं. मूळ काम गावोगावच्या पाणीयोजना बांधून त्या स्थानिक संस्थेच्या ताब्यात देणं. काही शहरांत मात्र योजना बांधली तीही यांनी आणि चालवायचीही यांनीच, असं झालं. बदलापूर त्यातलंच, अमरावतीही त्यातलंच.

तुमच्या नळाचं पाणी उल्हास नदीचं. मावळातल्या आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रात वीज करून खाली सोडतात, ते उल्हासला मिळतं आणि बदलापूरच्या बॅरेजवर, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावर, प्राधिकरण ते उचलतं. बारवी धरण तुमच्या इतकं जवळ आहे की धरण उशाला न कोरड घशाला ही म्हण तुम्ही तिथे लवकरच ऐकाल. पण बारवी एमआयडीसीचं, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचं. त्यामुळे बारवी भरून वाहतंय अशी बातमी वाचून ‘मग आमच्या नळाला का नाही’ म्हणून प्राधिकरणाशी भांडायला जाऊ नका, ते भांडण चुकीच्या खिडकीवर होईल.

आता बिल. तुम्ही फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण पत्रात नसलेली गोष्ट त्यात आहे. ‘मागील वाचन ६१८, चालू वाचन ६१८, वापर ३० युनिट.’ पुन्हा वाचा. दोन्ही आकडे सारखे आहेत, म्हणजे मीटर जागचा हललेला नाही, आणि तरी वापर तीस युनिट लावला आहे. मी बरीच वर्षं एका नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसलो, त्यामुळे असा कागद पाहिला की मला पुढचं सगळं दिसतं. हे ‘सरासरी’ बिल आहे. वाचन घ्यायला आलेल्या माणसाला घर बंद दिसलं, किंवा मीटर बंद वाटला, किंवा तो आलाच नाही. मग संगणकाने मागच्या वापरावरून एक आकडा धरला आणि दर खेपेला तोच लावत गेला. दोन वर्षं माणूस नाही, पाणी नाही, पण बिल चालू. तुमच्या अकरा हजारांतला मोठा भाग असाच साठलेला असण्याची शक्यता आहे. फोटोत चालू मागणी ६१४ रुपये, मागील थकबाकी ९,८७० आणि विलंब आकार १,३५६ असे तीन आकडे दिसतात. या तिघांशी तीन वेगळ्या तऱ्हांनी वागायचं आहे.

पण त्याआधी जिन्याखाली जा. मीटरवर धूळ असेल, ओल्या फडक्याने काच पुसा. काळे आकडे हजार लिटरचे, म्हणजे युनिटचे. लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालच्या लिटरचे. बिल काळ्या आकड्यांवर होतं. तिथे आज ६१८ पेक्षा मोठा आकडा दिसला, समजा ६३५, तर मीटर धडधाकट आहे आणि आधीचं सरासरी बिल घर बंद म्हणून लागलेलं आहे. ही तुमच्या फायद्याची गोष्ट, कारण दोन वर्षांत प्रत्यक्षात किती पाणी गेलं हे तो मीटरच सांगतो. पण तुम्ही राहायला येऊन पाणी वापरत असूनही आकडा ६१८ वरच बसलेला असेल, तर मीटर अडकला आहे. मग बंद मीटरचा अर्ज वेगळा द्यावा लागेल आणि मीटर बदलून होईपर्यंत सरासरी सुटणार नाही.

एक तपासणी आणखी करा, ही बहुतेक लोक करत नाहीत. पाण्याची वेळ झाली की एकाला गच्चीवर पाठवा आणि तुम्ही मीटरपाशी उभ्या राहा. मीटरच्या तबकडीत एक छोटं चांदणीसारखं चक्र असतं. गच्चीवरच्या माणसाला तुमच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा: चक्र थांबलं पाहिजे. उघडायला सांगा: फिरलं पाहिजे. टाकी भरत असताना तुमच्या मीटरचं चक्र गप्प आणि शेजारच्या मीटरचं फिरतंय असं दिसलं, तर तुम्ही जन्मभर दुसऱ्याचं बिल भरत राहाल, कारण जुन्या इमारतींमध्ये नळ बदलताना जोडण्यांची अदलाबदल झालेली असते आणि कुणाला पत्ता नसतो. व्हॉल्व्ह बंद करूनही चक्र हळूहळू फिरतंय असं दिसलं, तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये कुठेतरी पाइप गळतो आहे. ती गळती तुमच्या पदरात. मीटरच्या पुढचा पाइप ग्राहकाचा, खातं त्याला हात लावत नाही. ‘आमच्या मीटरमध्ये हवाच जास्त फिरते’ हेही तुम्हाला कुणी सांगेल. पाणी ठरावीक वेळच येतं तिथे रिकाम्या वाहिनीतली हवा आधी सुटते, तेव्हा मीटर थोडा पळतो हे खरं आहे. पण त्याने अकरा हजार होत नाहीत.

मीटरचा फोटो काढा. आकडा आणि मीटरवर कोरलेला क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसू द्या. तो कोरलेला क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर बाकीच्या गोष्टी नंतर, आधी ते सांगायला जा.

तुमचा वापर किती असावा याचा अंदाज हवा म्हणून सांगतो: गटारव्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर हे पाण्याचं प्रमाण धरतात. चार माणसांचं घर म्हणजे रोज ५४० लिटर, महिन्याला साधारण १६ युनिट. बदलापुरात पाणी किती वेळ येतं ते पाहता तुमचा वापर त्याहून कमीच निघेल. यापुढच्या बिलात महिन्याला चाळीस-पन्नास युनिट दिसले तर समजा, कुठेतरी गळतं आहे किंवा आकडा चुकला आहे.

आता तुमच्या घरातला वाद. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं ऐकायला सरळ वाटतं, ‘आधी नाव, मग पैसे’, पण खात्याचा क्रम बरोबर उलटा आहे. नाव बदलायचं तर आधी थकबाकी नको, असंच कुठल्याही पाणीखात्यात तुम्हाला सांगतील. म्हणजे मिस्टर नावाची वाट बघत बसतील, खातं पैशांची वाट बघत बसेल, आणि विलंब आकार दोघांचीही वाट न बघता वाढत राहील. खात्याच्या लेखी माणूस दुय्यम असतो, ग्राहक क्रमांक खरा. बिलावर कुणाचंही नाव असो, पैसे त्या क्रमांकावर जमा होतात आणि नळही त्या क्रमांकाचाच कापला जातो. दिवंगत आजोबांच्या नावाने नातू बिल भरतो आहे अशी घरं आपल्याकडे शेकड्याने सापडतील. त्याने मालकी कुणाची हे ठरत नाही. तेव्हा परक्याच्या नावावर पैसे भरले तर घरावर त्याचा हक्क लागेल ही भीती मिस्टरांना असेल, तर ती काढून टाका. घर तुमचं आहे ते नोंदणी झालेल्या खरेदीखताने.

काकूंचं ऐकून सगळे अकरा हजार आठशे चाळीस गपचूप भरावेत, हेही मला पटत नाही. एकदा भरलेली रक्कम चुकीची होती म्हणून परत मिळवणं म्हणजे वर्षभराचं काम, आणि मिळाली तरी पुढच्या बिलांत वळती होऊन मिळते, हातात नाही.

माझं सांगणं असं. ६१४ रुपयांची चालू मागणी मुदतीच्या आत भरा, त्यात वाद नको. त्यातही सरासरीचे तीस युनिट आहेत हे खरं, पण तेवढ्यासाठी चालू बिल थकवू नका, ते पुढच्या वाचनात दुरुस्त होतं. आणि ‘हे लोक पाणी वापरतात आणि पैसे बुडवतात’ असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही. ९,८७० बद्दल लेखी हरकत घ्या. विलंब आकाराबद्दल आत्ता काही भांडू नका. मूळ रक्कम खाली आली की तो आपोआप खाली येतो. शिवाय जुनी वसुली व्हावी म्हणून पाणीखाती अधूनमधून अभय योजना काढतात आणि त्यात सवलत मिळते ती बहुतेक याच आकारात. राष्ट्रीय लोक अदालतीतही थकलेल्या पाणीपट्टीची प्रकरणं ठेवतात. चालू असेल तर लाभ घ्या; पण येईल तेव्हा बघू म्हणून थांबून राहू नका.

चालू रक्कम कुठे भरायची? इथे एक बारीक खोच आहे. यूपीआय ॲपमध्ये बिल भरण्याच्या भागात ‘पाणी’ असा विभाग असतो. तिथे आपल्या पुरवठादाराचं नाव शोधायचं, ग्राहक क्रमांक टाकायचा, आणि पैसे सोडण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते वाचायचं. तुमच्या बाबतीत तिथे जुन्या मालकाचं नाव आलं तर ते बरोबरच आहे, घाबरू नका. तिसऱ्याच कुणाचं आलं तर आकडा चुकला आहे. नगर परिषदेच्या नावाने असलेला पर्याय निवडू नका, तो घरपट्टीचा असेल. अडचण अशी की ऑनलाइन बहुतेक ठिकाणी बिलाची पूर्ण रक्कमच घेतात, ६१४ वेगळे करून भरता येत नाहीत. म्हणून या पहिल्या खेपेला तरी खिडकीवरच जा. प्राधिकरणाच्या स्थानिक उपविभागाचं कार्यालय कुठे आहे ते बिलावर छापलेलं असतं. चेक देणार असाल तर मागे ग्राहक क्रमांक आणि फोन नंबर लिहा. नाहीतर चेक वटतो आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले हे शोधत बसावं लागतं. छापील पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. खिडकीवरचा माणूस ‘पूर्ण भरा, नाहीतर घेत नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात तो अधिकार नसतो. उपविभागीय अभियंत्यांना भेटा, हरकतीचा अर्ज दाखवा आणि अंशतः भरणा घेण्याची त्यांच्याकडून टिप्पणी घ्या. हे होतं. खिडकीमागे बसून मी अशा टिप्पण्या पुष्कळ पाहिल्या.

वाद खरा आहे तो थकबाकी कुणाच्या गळ्यात पडते याचा. खातं म्हणतं, थकबाकी जोडणीवर आहे; जोडणी ज्याच्या घरात, त्याने भरावी. तुम्ही म्हणता, आम्ही पाणीच वापरलं नाही. विजेच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि २०२३ मध्ये न्यायालयाने वीज कंपन्यांचा नियम मान्य केला: नव्या मालकाला जोडणी हवी असेल तर जुन्या मालकाची थकबाकी भरायला सांगता येते. तो निकाल विजेचा आहे, पाण्याचा नाही; पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. तेव्हा ‘आमचा काही संबंध नाही’ यावर अडून बसण्यापेक्षा ‘ही रक्कमच चुकीची आहे’ हा मुद्दा पकडा. तो तुमच्या मीटरवर काळ्या आकड्यांत लिहिलेला आहे.

आणि जी काही खरी थकबाकी उरेल ती विकणाऱ्याकडून घ्या. खरेदीखत काढा. जवळजवळ प्रत्येक खरेदीखतात एक कलम असतं की ताबा देण्याच्या तारखेपर्यंतचे सर्व कर, वीजबिल, पाणीपट्टी विकणाऱ्याने भरायची आहे. तुमच्यात ते सापडेल. सापडलं की त्या पानाची आणि बिलाची झेरॉक्स लावून जुन्या मालकांना साधं पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने. भाषा सौम्य ठेवा. बऱ्याचदा त्यांना बिल साचल्याची कल्पनाच नसते. दोन वर्षं बंद घराच्या दाराखालून सरकवलेली बिलं कुणी वाचली असणार? वकिलाची नोटीस आत्ताच नको. खऱ्या वाचनावर बिल पुन्हा काढलं आणि दोन-तीन हजार उरले, तर तेवढ्यासाठी वकील म्हणजे दीड दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला. व्यवहार जुळवून देणाऱ्या एजंटलाही एक फोन करा. दलाली मोजून घेताना त्याने पाण्याची ‘नो ड्यूज’, म्हणजे थकबाकी नसल्याची चिठ्ठी, का मागितली नाही, हे त्याला विचारायला काही हरकत नाही. पुढच्या वेळी तो मागेल.

नावाचं काम थकबाकी निघाली की त्याच आठवड्यात करून टाका. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), खरेदीखताची प्रत, तुमच्या नावाची घरपट्टी झाली असेल तर तिची पावती, आधार आणि पाण्याचं शेवटचं भरलेलं बिल असा गठ्ठा तयार ठेवा. घरपट्टीला नाव लावायचं काम मात्र नगर परिषदेत; म्हणजे त्या खिडकीवर तुम्हाला पुन्हा जावं लागणारच आहे, फक्त वेगळ्या कामासाठी. दोन्ही अर्ज एकाच गठ्ठ्याच्या दोन झेरॉक्समधून होतात.

अर्ज देऊनही कुणी हलत नसेल तर उपविभागाच्या वर कार्यकारी अभियंता असतात, त्यांना स्मरणपत्र द्या. तिथेही नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाका. तिला क्रमांक मिळतो आणि उत्तर देणं भाग पडतं. माझा आवडता उपाय वेगळाच आहे: दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. ‘ग्राहक क्रमांक अमुक, गेल्या तीन वर्षांचा खातेउतारा, प्रत्येक वाचनाची तारीख, वाचन आणि शेरा यांच्या प्रती द्याव्यात.’ एवढंच. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्या उताऱ्यात एकामागून एक ‘घर बंद’ असा शेरा आणि समोर तीस-तीस युनिट दिसले की पुढे युक्तिवाद करायची गरज उरत नाही.

तुमच्यासारखी पत्रं इतर गावांतूनही येतात म्हणून थोडं विषयांतर. आपल्याला पाणी कोण देतं हे महाराष्ट्रात पत्त्यावरून ओळखू येत नाही. खारघरला मालमत्ता कर पनवेल महापालिकेला आणि पाण्याचं बिल सिडकोला. डोंबिवलीत महापालिका, पण त्याच डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात पाणी एमआयडीसीचं. नागपुरात महापालिकेच्या वतीने ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पुरवठा आणि बिलं बघते. पुण्यात बहुतेक घरांची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच असते, म्हणून पुणेकर पाण्याचं वेगळं बिल शोधत बसतो तेव्हा त्याला ते सापडत नाही. छत्रपती संभाजीनगरात घरगुती नळाला मीटर न बघता वर्षाची ठरावीक रक्कम. ती २०२२ मध्ये ४,०५० वरून २,०२५ रुपयांवर आणली, कारण पाणी आठवड्यातून एकदा आणि पट्टी वर्षभराची, हे लोकांना सहन होईना. मुंबईत बिल महापालिकेचं, पण येतं सोसायटीच्या किंवा चाळमालकाच्या नावाने, म्हणून लालबागला तुम्हाला ते दिसलं नाही. खेड्यात ग्रामपंचायत: तिथे नमुना ९ ला मागणी आणि नमुना १० ची पावती, आणि घरात नळ असेल तर सामान्य पाणीपट्टीऐवजी विशेष पाणीपट्टी. ठाण्याच्या बाजूला ‘स्टेम’चं नाव वर्तमानपत्रात येतं, शटडाउन असला की. पण ते घाऊक विक्रेते. महापालिकांना पाणी विकतात, तुमच्या-आमच्या घरी बिल पाठवत नाहीत. कुठेही नवीन राहायला गेलात आणि गोंधळ झाला, तर शेजाऱ्याचं बिल मागून घ्या आणि वर डाव्या कोपऱ्यात कुणाचं बोधचिन्ह आहे ते बघा. इमारतीला पाणी एकाच वाहिनीने येत असेल तर तुमचाही पुरवठादार तोच. टँकरवाल्याची पावती मात्र बाजूला ठेवा. त्याला पैसे दिले म्हणून खात्याचं बिल माफ होत नाही.

एक विनंती, तुम्ही विचारलेली नाही तरी. पाणी कमी दाबाने येतं म्हणून इमारतीत कुणी ‘नळाला थेट मोटर लावू’ म्हणेल. लावू देऊ नका. ते बेकायदा आहे, पकडलं तर मोटर जप्त होते, आणि बाजूच्या इमारतीचं पाणी ओढलं जातं ते वेगळं. वाहिनीला कुठे चीर असली तर बाहेरचं सांडपाणीही त्या ओढीने आत येतं.

खाली अर्जाचा मजकूर देतो. हाताने लिहिला तरी चालेल. दोन प्रती करा, सोबत बिलाची झेरॉक्स, मीटरच्या फोटोची प्रिंट आणि इंडेक्स टू जोडा. आवक-जावक टेबलावर द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साहेब जागेवर नाहीत, नंतर या, असं म्हणाले तरी अर्ज तिथेच द्यायचा असतो, साहेबांच्या हातात नाही.

‘प्रति, मा. उपविभागीय अभियंता, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, बदलापूर.
विषय: ग्राहक क्रमांक ______ चे सरासरी देयक रद्द करून प्रत्यक्ष वाचनानुसार सुधारित देयक मिळण्याबाबत.
महोदय, वरील जोडणी असलेले घर मी दिनांक ______ रोजी नोंदणीकृत खरेदीखताने घेतले असून ताबा दिनांक ______ पासून माझ्याकडे आहे. त्यापूर्वी सुमारे दोन वर्षे घर बंद होते. सोबतच्या देयकात मागील व चालू वाचन ६१८ असे एकच असूनही ३० युनिट वापर आकारला आहे. मीटरचे आजचे प्रत्यक्ष वाचन ______ असून त्याचा फोटो जोडला आहे. तरी कृपया जागेवर वाचन घेऊन सुधारित देयक द्यावे, आणि तोपर्यंत थकबाकीसाठी जोडणी खंडित करू नये. चालू मागणी रु. ६१४ मी थकबाकीबाबतची हरकत राखून भरत आहे, ती स्वीकारावी. थकबाकी निरंक झाल्यावर जोडणी माझ्या नावे करण्यासाठी स्वतंत्र अर्ज सादर करीन.
आपली विश्वासू, (सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन)’

वाचन घ्यायला माणूस येईल त्या दिवशी घरी कुणीतरी असू द्या. त्याच्या वहीत किंवा यंत्रात आकडा पडताना शेजारी उभ्या राहून बघा. आणि सुधारित बिल आलं की त्याचाही फोटो पाठवा. विलंब आकार त्यांनी पुन्हा मोजला आहे की जुनाच ठेवला आहे, ते बघायचं राहील.